भरतीची वेळ

कावीची बस माझ्या डोळ्यांसमोरून गेली.
नऊ-दहा पावलं कमी पडली,
किंवा एक चहा जास्त झाला.
चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला,
"सवारे."
मग माझ्या पिशवीवरचं मिरजेचं दुकान वाचून
हळूच, "सकाळी."

समुद्र इथून पाऊणशे किलोमीटर.
तो दिवसातून दोनदा देऊळ गिळतो आणि परत देतो,
एवढंच बघायचं होतं, एकटीनं,
कुणाला फोटो न पाठवता.
आणि अडकले वडोदऱ्यात, जिथे पाणी म्हणजे
चारी बाजूंनी बांधलेलं सुरसागर
आणि मगरींची विश्वामित्री.

दांडिया बाजारात चष्म्याची काडी बसवून घेतली.
घोरपडे ऑप्टिशियन, चौथी पिढी.
पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबश्या काढाव्यात
तशी त्यांनी मराठी काढली, पुसून पुसून.
एखादी बशी गुजराती निघायची.
"एकट्याच फरता? सारू आहे ने."
पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं,
मिरजेत अजून सतारीचे भोपळे
वाळत घालतात का गच्चीवर?
घालतात, म्हटलं.
मला माहीत नव्हतं.

रात्री सेव-उसळीच्या गाडीवर
एकाच बाकड्यावर मी आणि मितुल.
त्याच्या स्कूटरला बांबू बांधलेला, बांबूला फास.
दुसरा पाव मोडताना फोन आला.
कारेलीबागेत कुणाच्या तरी गाडीखाली मगर.
"येता?" त्यानं विचारलं,
जसं कुणी विचारावं, पान खाणार?

माझं वय त्रेपन्न.
अनोळखी पोराच्या मागे बसून
बांबू आडवा धरून गेले मी,
सिग्नलला लोक वाकून जागा देत होते.

मगर हातभर. जबडा उघडा,
शेजारी टायर, टायरवर कुणीतरी ठेवलेलं लिंबू.
मितुल पोटावर झोपला, तिच्याशी काहीतरी बोलला,
मला ऐकू आलं नाही, तिलाही नसावं.
ओलं पोतं डोळ्यांवर पडलं
आणि ती एकदम सामान झाली.
जमलेल्यांत मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
थांबले.

समोरच्या घरातल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं.
त्यांच्या झोपाळ्याची एक कडी साखळीची,
दुसऱ्या बाजूला नायलॉनची दोरी,
त्यामुळे त्या जरा तिरप्याच झुलत होत्या.
कुठे निघालीस? म्हणाल्या.
कावीला.
आज तिथी कुठली? मला सांगता येईना.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
"रोज दोन घटका उशीर होतो पाण्याला.
उद्या अकराच्या आत पोच, नाहीतर देऊळ दिसायचं नाही."
केव्हा गेला होतात?
"मी? छे. सासऱ्यांनी शिकवलेलं.
मी कुठे पाहिलाय दरियो."

मितुल पोत्याची गाठ मारत होता.
त्या आत गेल्या, पाणी प्यायची बाटली घेऊन आल्या,
निळ्या बुचाची, आतून सुकवलेली,
म्हणजे आधीपासून सुकवून ठेवलेली.
"भरून आण. इतकीच.
खारट आहे का ते मी बघते."

सकाळची बस वेळेवर.
कंडक्टरनं विचारलं, एक?
एक.
बाटली मांडीवर. रिकामी असून आवाज करते.
खिडकीतून शहर मागे जाताना आठवलं,
मी त्यांचं नाव विचारलं नाही.
मितुलचा नंबरही नाही.
माझ्याकडे आहे ते एवढंच:
कारेलीबाग, तिरपा झोपाळा,
आणि एक गाडी, जिच्या टायरवर
कदाचित अजून लिंबू असेल.